अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि साठीनंतरचा व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेल्या मंडळींना ताकदीचे व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, वाळू भरलेल्या लिटरच्या बाटल्या आणि रबरी पट्टे, एवढंच आमचं साहित्य. वर्ग सुटला की निम्मी मंडळी चपला घालता घालता गोळ्यांबद्दल विचारतात, उरलेले प्रश्न परगावी राहणाऱ्या मुलामुलींकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. एखादी गोळी डॉक्टरांनी ठरावीक आजारासाठी लिहून दिली असेल, तर आधी प्रश्न ११ वाचा.

१. अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय? माझ्या डब्यातल्या कुठल्या गोळ्या त्यात मोडतात?

शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा काही अतिशय चंचल कण तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते जास्त झाले तर पेशींची नासधूस करतात. त्यांना शांत करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. औषधाच्या दुकानात या नावाखाली मुख्यतः व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, कोएन्झाइम क्यू-१०, रेसव्हेराट्रॉल आणि कर्क्युमिन मिळतं.

मात्रेकडे लक्ष द्या, कारण पुढचं सगळं मात्रेवरच अवलंबून आहे. लिमसीची चघळायची गोळी ५०० मिलीग्रॅमची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुचवलेली व्हिटॅमिन सीची रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलीग्रॅम आहे. म्हणजे एका गोळीत सहा-सात दिवसांचा शिधा येतो. कॅल्शियम, डी, बी-१२ या यादीत नाहीत, त्यांच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात असं ऐकलं. मग व्यायाम करणाऱ्याने तर गोळी घ्यायलाच हवी ना?

हा प्रश्न चुकीचा नाही. बरीच वर्षं शास्त्रज्ञही असाच विचार करत होते. फ्री रॅडिकलमुळे म्हातारपण येतं, अशी कल्पना डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडली. १९८२ मध्ये, दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत हे कण वाढलेले मोजता आले. दोन्ही गोष्टी जोडल्या की गोळीचा सल्ला आपोआपच निघतो.

पण व्यायामाच्या वेळी थोडा वेळ वाढणारे हे कण नुसती घाण नसतात, ते निरोप घेऊन येतात. तुम्ही खुर्चीतून दहा वेळा उठता-बसता तेव्हा मांडीच्या स्नायूला कळतं की आता जास्त काम पडणार आहे. त्या निरोपावर पेशी नवीन मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे तिचे छोटे कारखाने, तयार करते आणि स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढवते. ही घरची फौज बाहेरून आणलेल्या गोळीपेक्षा पुष्कळ दमदार असते. मोठ्या मात्रेची गोळी निरोप्यालाच फाटकातून परत पाठवते.

जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एक एकक) व्हिटॅमिन ई दिलं. व्यायामाने शरीर इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागतं. तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला, घेणाऱ्यांत दिसला नाही. घरची एन्झाइमही गोळ्या न घेणाऱ्यांचीच वाढली.

३. ते तरुणांचं झालं. आमच्या वयाच्या लोकांवर काही तपासलंय का? म्हातारपणी तर हे कण मुळातच जास्त असतात.

तपासलंय, आणि तुमची शंका रास्त आहे. वय झाल्यावर या कणांचा भार वाढलेला असतो, म्हणून वृद्धांना तरी गोळीचा फायदा होईल अशी बऱ्याच संशोधकांची अटकळ होती.

नॉर्वेतल्या २०१६ च्या प्रयोगात ६० ते ८१ वर्षांच्या ३४ पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. काहींना रोज १००० मिलीग्रॅम सी आणि २३५ मिलीग्रॅम ई मिळालं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात चरबी वगळून उरणारं वजन ३.९ टक्क्यांनी वाढलं, व्हिटॅमिनच्या गटात १.४ टक्के. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही पहिल्या गटात जास्त वाढली. ताकदीत मात्र दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले.

कोपनहेगनमध्ये २०१३ साली पासष्टीच्या आसपासच्या, निरोगी पण बैठं आयुष्य असलेल्या २७ पुरुषांना आठ आठवडे भरपूर घाम निघेल असा व्यायाम दिला. काहींना रोज २५० मिलीग्रॅम रेसव्हेराट्रॉल दिलं. हा द्राक्षाच्या सालीतला पदार्थ तारुण्य टिकवतो म्हणून विकला जातो. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली, पण गोळी न घेणाऱ्यांत ती वाढ ४५ टक्क्यांनी अधिक होती. रक्तदाब उतरला तो फक्त त्यांचाच.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो अमेरिकेतला २००९ चा एक छोटा प्रयोग. सत्तरीच्या आसपासचे, रक्तदाब थोडा चढलेले मोजकेच पुरुष. व्यायाम सुरू करण्याआधी सी, ई आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड एकत्र दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्या जास्त चांगल्या सैल होऊ लागल्या. मग सहा आठवडे व्यायाम केला. रक्तदाब उतरला, रक्तवाहिन्या सुधारल्या. त्यानंतर त्याच गोळ्या पुन्हा दिल्या, तर रक्तदाब परत वर गेला आणि रक्तवाहिन्यांतली सुधारणा कमी झाली. माणसं तीच, गोळ्या त्याच. बदललं होतं ते व्यायामाने घडवलेलं शरीर.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅनडात वृद्धांवर झालेल्या सहा महिन्यांच्या प्रयोगात, वजनांच्या व्यायामासोबत सी आणि ई घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन वाढलेलं दिसलं. काही प्रयोगांत गोळीने ना फायदा झाला ना तोटा. हे सगळे प्रयोग लहान आहेत. सगळं समोर ठेवून माझं मत असं, की नियमित व्यायाम करणाऱ्या आणि बरं खाणाऱ्या ज्येष्ठाने मोठ्या मात्रेची गोळी घ्यावी असं कारण कुठेच सापडत नाही, न घेण्याची कारणं मात्र आहेत.

४. मी दोन वर्षं रोज लिमसी घेऊन चालायला जातोय. सगळी मेहनत वाया गेली का?

नाही काका, अजिबात नाही. नॉर्वेतल्या गोळी घेणाऱ्यांचीही ताकद वाढलीच. कोपनहेगनच्या गोळीवाल्यांचाही दम वाढला, फक्त कमी वाढला. चालण्याने तोल, सांधे, झोप, मन यांना जे मिळालं ते तुमचंच आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं काही कारण नसेल तर त्यांच्या कानावर घालून गोळी थांबवा आणि चालण्याला आठवड्यातून दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्या.

५. गुडघ्यांमुळे मला व्यायाम जमत नाही. निदान गोळ्या तरी घेऊ द्या.

तुमची अडचण मला समजते, पण गोळी व्यायामाची जागा भरून काढत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १०० जणांवर झालेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वजनांचा व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली, जिना चढण्याचा जोर वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

दुखऱ्या गुडघ्यालाही व्यायाम असतो. पलंगावर झोपून पाय सरळ उचलणं किंवा खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच आकडे धरून ठेवणं, इथून सुरुवात करता येते. आमच्या वर्गातल्या एक काकू, वय ७६, पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, ओठ आवळून कशाबशा उठल्या होत्या. आम्ही खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून बैठक उंच केली. महिन्याभराने एक उशी काढली. तिसऱ्या महिन्यात त्या हात छातीशी बांधून उठल्या आणि आधी स्वतःच्या गुडघ्यांकडेच बघत राहिल्या.

६. मग आवळा, पेरू, हळदीचं दूध, ग्रीन टी हेही बंद करायचं का?

मुळीच नाही, मनसोक्त खा. वरच्या प्रयोगांत त्रास दिसला तो वेगळ्या काढलेल्या, मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा. फळं-भाज्यांतून मात्रा बेताची मिळते आणि सोबत चोथा, पोटॅशियम असं बरंच काही येतं. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. एक मध्यम पेरू खाल्लात की त्या दिवशीची चिंता मिटली.

व्हिटॅमिन सी उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, कोथिंबीरही वरून घाला. कोबी, सिमला मिरची थोडी कच्ची पोटात जाऊ द्या. मोरावळा आणि च्यवनप्राशात साखर पुष्कळ असते. मधुमेह असेल तर ताजा आवळा किसून, मीठ लावून खाल्लेला बरा.

हळदीचं दूध चालेल, पण कर्क्युमिनच्या कॅप्सूलना हळद समजू नका. मिरपुडीतलं पायपरिन घालून शरीरात जास्त शोषली जाईल अशा बनवलेल्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

७. आईला दात नाहीत, भात-वरण आणि चहा-बिस्किटावर दिवस काढते. तिलाही गोळी नको?

इथे माझं उत्तर बदलतं, आणि हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. परदेशातल्या प्रयोगांतली मंडळी बहुधा चांगलं खाणारी होती. आपल्याकडे साठीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलेली एक मोठी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात उत्तरेकडच्या जवळपास ७४ टक्के आणि दक्षिणेकडच्या ४६ टक्के ज्येष्ठांत व्हिटॅमिन सीची कमतरता निघाली. तंबाखू वापरणारे आणि लाकूडफाटा-गोवऱ्यांच्या चुलीशी राहणारे यांच्यात ती जास्त होती. आपल्या गावाकडे मशेरी लावणाऱ्या, चुलीपुढे जन्म काढलेल्या आज्या आठवा.

कमतरता असलेल्याची गरज भरून काढणं आणि पोटभर खाणाऱ्याने वर गोळ्यांचा मारा करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिटॅमिन सी मुळात कमी असलेल्यांना ते दिल्यावर त्यांची व्यायामाची क्षमता थोडी सुधारल्याचंही दिसलं आहे. हिरड्यांतून रक्त येणं, जखम लवकर न भरणं, अंगावर सहज काळेनिळे डाग पडणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ते काही आठवडे गोळी देतील, ती जरूर द्या.

सोबत ताट बदला. पिकलेल्या पेरूच्या बिया काढून, गर कुस्करून दह्यातली कोशिंबीर करा. संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार, वरणावर लिंबू. दात नसले तरी हे सगळं खाता येतं.

८. रोजची एक मल्टिव्हिटॅमिन चालेल का?

गरजेइतकीच मात्रा असलेली असेल तर तिने व्यायामाचं नुकसान होतं असं म्हणायला आधार नाही. पाकिटामागे सी, ई पुढचे आकडे मात्र वाचा.

९. सर्दी झाली की चार दिवस लिमसी घेतो. तीही नको?

चार दिवसांनी काही बिघडत नाही. वरचे प्रयोग आठवडे, महिने रोज घेतलेल्या गोळ्यांचे आहेत.

१०. व्यायाम सकाळी आणि गोळी रात्री, असं केलं तर?

हा तोडगा मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी सुचवतं. ई चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं, त्यामुळे सकाळ-रात्रीने त्याला फरक पडत नाही. सी लघवीवाटे लवकर जातं, पण व्यायामाचा निरोप पोचून पेशींचं काम व्यायाम संपल्यावरही कित्येक तास चालू असतं. वेळ बदलून तोटा टळतो असं दाखवणारा पुरावा नाही.

११. माझी गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली आहे. हे वाचून बंद करू?

नका करू. काही आजारांत याच गोळ्या खरं औषध असतात.

डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजतो, त्या आजाराच्या मधल्या टप्प्यावर सी, ई, बीटा कॅरोटीन, झिंक, तांबं यांच्या ठरावीक मिश्रणाने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००१ साली दिसलं. पुढे २०१३ मध्ये त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झियाझँथिन घातलेलं मिश्रण सुचवलं गेलं. दृष्टी वाचवायची की स्नायू दोन टक्के जास्त वाढवायचा, यात निवड दृष्टीचीच.

फॅटी लिव्हरच्या ठरावीक रुग्णांना, विशेषतः मधुमेह नसलेल्यांना, यकृताचे डॉक्टर ई देतात. छातीतला कफ पातळ करायला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची पाण्यात फसफसणारी गोळी देतात. या गोळ्या चालू ठेवा, व्यायामही चालू ठेवा, आणि पुढच्या भेटीत "ही किती दिवस घ्यायची?" एवढं जरूर विचारा. कितीतरी गोळ्या केवळ कुणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू असतात.

१२. रात्री पायात गोळे येतात म्हणून इव्हिऑन घेते. ती यात धरायची का?

इव्हिऑन म्हणजे व्हिटॅमिन ईच. पायात गोळे येण्यावर ते गुणकारी असल्याचा ठोस पुरावा नाही, म्हणून ती प्रश्न ११ मधल्या अपवादांत बसत नाही. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, प्रत्येक पाय अर्धा मिनिट, दोन-तीनदा. पाण्याच्या गोळ्या चालू असतील, म्हणजे लघवी जास्त व्हायच्या, तर पायात गोळे येतात हे डॉक्टरांना सांगा. क्षार तपासावे लागतात.

१३. डी, बी-१२, कॅल्शियम आणि प्रोटीन पावडर यांनीही व्यायामाचा फायदा कमी होतो का?

नाही, या प्रश्नांत त्यांचा संबंध नाही. डी आणि बी-१२ तपासून, कमी असल्यास घ्यावं.

प्रथिनांची तर आपल्याकडे वाणवा आहे. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. दोन अंड्यांत साधारण १२, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. वाटीभर पातळ वरणात फार काही नसतं हो, वरण घट्ट करा. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. अँटिऑक्सिडंटवर जाणारे पैसे दूध, अंडी, डाळी, सोयाबीनकडे वळवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

१४. कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे पाय दुखतात, म्हणून कोएन्झाइम क्यू-१० सुचवलंय. घेऊ का?

स्टॅटिनमुळे होणाऱ्या अंगदुखीवर त्याचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही, फरक नसेल तर सोडा. स्टॅटिन मात्र मनाने बंद करू नका.

स्वीडनमधला एक निकाल यासंदर्भात नेहमी दाखवला जातो. ७० ते ८८ वर्षांच्या ४४३ जणांना चार वर्षं सेलेनियम आणि क्यू-१० किंवा औषध नसलेली गोळी दिली. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी झाले. निकाल खरा आहे, पण तिथल्या मातीत आणि अन्नात सेलेनियम कमी असतं. प्रश्न ७ मधलीच गोष्ट, उणीव भरली की फायदा होतो.

१५. फायदा नाही तर नाही, पण अपाय तर नाही ना?

काहींना आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात, १९९४ साली, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच अभ्यास याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि ती सोडलेल्यांनीही बीटा कॅरोटीनच्या गोळीपासून लांब राहावं. गाजर खुशाल खावं. निरोगी पुरुषांना ४०० आययू ई देणाऱ्या मोठ्या अभ्यासात, २०११ च्या निष्कर्षानुसार, प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जास्त मात्रेच्या ईने रक्तस्राव होऊ शकतो. मुतखडा होऊन गेलेल्या पुरुषांनी व्हिटॅमिन सीची गोळी टाळावी. स्वीडनमधल्या २३ हजार पुरुषांच्या पाहणीत ती घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

१६. मुलगा अमेरिकेतून मोठाल्या बाटल्या पाठवतो. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं.

त्याची माया खरी आहे, ती मोडू नका. एका काकांनी अशा चार बाटल्या पिशवीत घालून वर्गात आणल्या होत्या. आम्ही भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली, तेव्हा 'डोळ्यांसाठी', 'प्रतिकारशक्तीसाठी' आणि 'पन्नाशीनंतर' अशा तीन वेगवेगळ्या बाटल्यांत तेच सी आणि तेच ई निघालं. तिन्ही मिळून सी हजारावर गेलं होतं. वाचताना सगळ्या बाटल्यांतला एकेक घटक बेरीज करून पाहा, आणि एक गोळी म्हणजे एक मात्रा की दोन गोळ्या मिळून, तेही बघा.

मुलाला सांगा, पुढच्या वेळी रबरी पट्टे पाठव, किंवा घोट्याला बांधायची वजनं. काकांच्या मुलाने खरोखर पाठवली, आता ती आख्खा वर्ग वापरतो.

१७. दंडावर साखर मोजायचा सेन्सर लावलाय. व्यायाम करूनही आकडे चढेच दिसतात. गोळीचा संबंध असेल का?

असू शकतो. काही सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की दिवसाला ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस वाढवला तर साखर धोकादायक खाली जाईल. लघवीच्या पट्टीवर उलटं होतं. जास्त व्हिटॅमिन सीमुळे लघवीतली साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही. म्हणून लॅबमध्ये रक्त देऊन सेन्सरचा आकडा ताडून पाहा, आणि गोळी किती मिलीग्रॅमची हे डॉक्टरांना सांगा. जमलं तर पाकीटच सोबत न्या.